वगळलेली शाळा

सरपंचपदाच्या आरक्षणाची चिठ्ठी काढायला लहान पोराला पुढे करतात. पोराच्या मनात पाप नसतं, असं आपण मानतो. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या संशोधन संस्थेत लहान पोर नव्हतं, म्हणून वयाने सगळ्यांत लहान होती त्या सुमैराला पुढे केलं. सुमैरा शिकलगार, पलूसची. वडील वजीरभाई ऊसतोडीच्या कोयत्यांना धार लावून देतात. पोरगी डी.एड. झाली, पात्रता परीक्षाही पास झाली, आणि भरतीची वाट बघून बघून शेवटी या संस्थेत सर्वेक्षक म्हणून लागली.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तीस शाळांच्या चिठ्ठ्या होत्या. त्यांतल्या पंधरा काढायच्या. ज्या निघतील त्या शाळांना तीन वर्षं 'वाचनतास' मिळणार, म्हणजे रोज एक तास फक्त वाचन, गोष्टींची पुस्तकं, अक्षरकार्डं, गुरुजींना प्रशिक्षण. ज्या डब्यात राहतील त्यांना काहीच नाही. त्यांच्याकडे वर्षातून दोनदा जाऊन पोरांना फक्त तपासायचं. वाचनतासाने खरोखर फरक पडतो की नुसती हवा, हे कळायला कोणाला तरी न देता बघावं लागतं.

पंधराव्या वेळी तिच्या बोटांत दोन चिठ्ठ्या आल्या. "एकच, सुमैरा," संस्थेचे प्रमुख धैर्यशील सर म्हणाले. तिने एक सोडली. ती डब्याच्या काठावर आपटून टेबलावर पडली आणि उलगडली. बोरमळा वस्ती, असं त्यावर लिहिलेलं होतं. सरांनी घडी करून ती परत डब्यात टाकली.

आता धैर्यशील सर काही दुष्ट माणूस नव्हेत. परदेशातून डॉक्टरेट घेऊन सांगलीत परत आले, जिथे फारसं कोणी परत येत नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आपल्याकडे शाळांत दर वर्षी नवीन खूळ येतं, फोटो निघतात, आणि पोरं कोरडीच्या कोरडी राहतात. एकदा तरी नीट मोजून दाखवू. मोजमाप पक्कं निघालं, तर उरलेल्या पंधरा शाळांनाही वाचनतास द्यायचा, असा शब्द त्यांनी जिल्ह्याच्या साहेबांकडून घेऊन ठेवला होता. फक्त हे त्या पंधरा शाळांना आधी सांगायचं नाही. आशा लागली की माणूस वेगळं वागतो, आणि माप बिघडतं.

बोरमळा कुंडलच्या पलीकडे, दोन्ही बाजूंनी ऊस असलेल्या रस्त्याने आत. दोन खोल्यांची शाळा. शिक्षकांच्या जागा दोन, त्यातली एक चार वर्षं रिकामी. दुसऱ्या जागेवर जोतीराम गुरुजी, निवृत्तीला पाच-सहा वर्षं राहिलेली आणि दम्याचा खोकला लागलेला. चार इयत्ता, सगळ्या त्यांच्याच गळ्यात. दुसरीच्या वर्गात त्या वर्षी नऊ पोरं होती. तीच नऊ पोरं तीन वर्षं तपासायची होती.

तपासणी साधी. एका कागदावर चार ओळींचा उतारा होता. 'सकाळ झाली. गंगूने गोठ्याचे दार उघडले. शेळी बाहेर पळाली. गंगू शेळीच्या मागे धावली.' असाच पुढे. पोराला कागद द्यायचा, एक मिनिट थांबायचं, कागद परत घ्यायचा. वाचलं तर वाचलं, अडलं तर अडलं. शब्द सांगायचा नाही. मान हलवायची नाही, हसायचं नाही, 'शाब्बास' म्हणायचं नाही. आणि उतारा दर वेळी तोच. गज बदलला तर कापड वाढलं की आखडलं हे कळणार कसं, असं सर म्हणाले, आणि एवढ्या शिकल्यासवरलेल्यांत कोणाच्या डोक्यात आलं नाही की गुरुजींना कान असतात.

पहिल्या फेरीत साक्षी नावाची पोरगी सुमैरापुढे येऊन बसली. दोन वेण्या, एकीला रिबन, दुसरीला नुसतं रबर. बाप फौजेत, आई त्याच्यासोबत आसामात, पोरगी आजीकडे. तिने कागद हातात घेतला, 'स'वर बोट ठेवलं आणि मान वर करून विचारलं, "म्याडम, ह्ये काय हाय?"

सुमैराला सांगता येत नव्हतं. म्हणजे येत होतं, डी.एड.मध्ये दुसरं काय शिकवलं होतं? पण सांगायचं नव्हतं. ती भिंतीकडे बघत राहिली. मिनिटभर पोरगी तिच्या तोंडाकडे बघत होती. मग सुमैराने टॅबवर 'अक्षर ओळखत नाही' या गोलावर बोट टेकवलं. त्या दिवशी कुंडलपर्यंत ती स्कूटीवर रडत आली. घरी ताट तसंच ठेवलेलं बघून आई सुगराबी म्हणाली, "क्या हुआ गे? खाना नको क्या?" ती नको म्हणाली.

दुसऱ्या फेरीला कमी रडली. तिसऱ्या फेरीला नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई मारतात, मग गाल आपला असतो पण आपला वाटत नाही, तसं काहीसं झालं. वाचनतासाच्या शाळांत ती जायची तेव्हा पोरं धडाधडा वाचायची, तिला आनंद व्हायचा नाही. डब्यात राहिलेल्या शाळांत जायची तेव्हा पोरं तोंडाकडे बघायची, तिला दुःख व्हायचं नाही. गोल, बोट, पुढचं पोर. चौथ्या फेरीपर्यंत तिचं काम इतकं चोख झालं, की सरांनी बैठकीत तिचं नाव घेऊन कौतुक केलं. ते ऐकूनही तिला काही वाटलं नाही.

एकच माणूस तिला नकोसं वाटायचं, साक्षीची आजी रंगूबाई. शाळेच्या फाटकात गाठून ती ओंजळभर ओल्या शेंगा तिच्या पिशवीत ओतायची.

"घ्या वं बाय. तुमी येताय म्हून आमची साक्षी शाळत तरी जात्या. शिकवा तिला नीट. आमच्या घरात चार बुकं शिकलेलं बाईमानूस न्हाई कुनी."

"मी शिकवत नाही आजी. मी फक्त बघायला येते."

"तेच की. बघायला तरी कोन येतंय हितं?"

शेंगा घ्यायच्या आणि गाडीला किक मारायची.

सहावी आणि शेवटची फेरी मार्चमध्ये होती. पोरं आता चौथीला. जूनमध्ये पाचवीला कुंडलच्या हायस्कुलात जाणार, जिथे एका वर्गात साठ पोरं, आणि वाचता येत नाही त्याला मागच्या बाकावर बसवून विषय संपतो. साक्षी पाचव्या फेरीला अक्षरं ओळखत होती, पण शब्द जुळत नव्हता. सुमैराने टॅब उघडला, कागद पुढे केला.

साक्षीने तो वाचला.

सरळ, न अडखळता, सकाळपासून शेळीपर्यंत. मग सुमैराचं लक्ष साक्षीच्या बोटाकडे गेलं. तोंड चौथ्या ओळीत होतं आणि बोट अजून दुसऱ्या ओळीवर. पोरीची नजर कागदावर नव्हतीच, समोरच्या लिंबाच्या झाडावर होती.

पुढचं पोर आलं, त्यानेही वाचलं. त्याच्या पुढचंही. सगळी 'शेळी बाहेर पळाली' म्हटल्यावर एकसारखी क्षणभर थांबायची आणि मगच पुढे जायची. सुमैराला कळेना, की तिथेच का. तेवढ्यात पलीकडच्या खोलीत पहिलीला पाढे सांगताना गुरुजींना खोकल्याची उबळ आली, आणि मग कळलं. गुरुजी हा उतारा सांगताना तिथे खोकले होते. पोरांनी उताऱ्याबरोबर खोकल्याची जागाही पाठ केली होती.

नियमात नव्हतं, तरी तिने साक्षीला परत बोलावलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "हा कोणता?"

साक्षी ओठांतल्या ओठांत पुटपुटू लागली. सकाळ झाली, गंगूने, गोठ्याचे, दार, उघडले. "शेळी!" ती ओरडली. दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं तर पुन्हा सकाळ झाली. दर शब्दाला पोरगी पहाटेपासून निघायची आणि तिथवर चालत यायची. आणि पोचली की केवढी खूश व्हायची.

गुरुजी धोतराला हात पुसत बाहेर आले. चेहरा फुललेला. "म्याडम, पास झालो न्हवं आमी?"

"गुरुजी, हे तुम्ही पाठ करून घेतलंय."

"दिवाळीपासनं," ते अभिमानाने म्हणाले. "रोज दुपारी तासभर. तुमी पोरांस्नी वाचायला लावताय तवा मी हितं खांबाला टेकून ऐकत हुतो की. पाच येळा ऐकलं, एका पोराचा एक तुकडा, दुसऱ्याचा दुसरा, जोडून लिवून ठेवलं. आवं, तीस वरीस तपासण्या बघतोय मी. सायबासमोर शाळा चांगली दिसली की काय तरी पदरात पडतंय. एका सायबानं कपाट दिलं, एकानं पान्याची टाकी. म्हनलं ह्या बाय तीन वर्सं कागूद दावत्यात, ह्यास्नी चांगलं दिसलं तर एक मास्तर तरी देतील."

सुमैराने त्यांना सगळं सांगितलं. आता लपवून काय उपयोग होता? डबा, पंधरा शाळा, वाचनतास. जिथे काही दिलं नाही तिथली पोरं मागे राहिलेली दिसली, तरच त्यांना द्यायचं ठरणार होतं. म्हणजे नऊच्या नऊ पोरं अडली असती, तर बोरमळ्याचं काम झालं असतं.

गुरुजी खांबाला टेकले. बराच वेळ खोकले. "करायला गेलो गणपती आन झाला मारुती," ते म्हणाले. "पोरं अडत्यात ह्ये दाखवायला तर आमास्नी काय कराय लागत न्हवतं, म्याडम."

आता सुमैरापुढे तीन वाटा होत्या. नियमाप्रमाणे पोराने तोंडाने शब्द उच्चारले की 'उतारा वाचतो' असं लिहायचं. ते लिहिलं तर बोरमळा अव्वल येणार आणि वाचनतासाचा फरक तेवढा पुसट होणार. दुसरी वाट म्हणजे 'वाचता येत नाही' असं लिहायचं. ते खरंही होतं, विचारायला कोणी येणार नव्हतं, आणि शाळा यादीत राहिली असती. तिसरी वाट म्हणजे खाली जी शेऱ्याची चौकट होती, त्यात घडलं तसं लिहायचं.

तिने तिसरी धरली. फार सच्ची होती म्हणून नव्हे. शेऱ्याची चौकट होती आणि बोटाला सवय होती. 'उतारा शिक्षकांनी पाठ करून घेतला आहे. वाचन नाही.' घोटभर चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाही विचार तिने केला नाही. हे तिला नंतर आठवायचं.

विश्रामबागेत धैर्यशील सरांनी शेरा वाचून चष्मा काढला. चूक आपलीच, तोच उतारा ठेवायला नको होता, असं ते मोकळेपणाने म्हणाले. मोठ्या माणसाच्या तोंडून एवढंही सहसा निघत नाही. मग म्हणाले, "ही शाळा वगळावी लागेल. तळटीप देऊ."

"वगळली तरी तिला वाचनतास मिळेल ना, सर?"

"मिळायला हवा. मी बोलतो."

ते खरंच बोलले. दोनदा जिल्ह्याच्या कचेरीत गेले. पण कागद आधीच चालायला लागला होता. निकाल झकास आला. वाचनतासाच्या शाळांतली शंभरातली सत्तर पोरं उतारा वाचत होती, दुसरीकडे तीस. साहेबांनी दिलेला शब्द पाळला, आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जूनपासूनचा आदेश निघाला. अहवालातल्या तक्त्यात ज्या चौदा शाळा होत्या, त्या चौदा शाळांना. तळटिपेतल्या शाळेचं नाव तक्त्यात नव्हतं, आणि आदेश तक्त्यावरून टाइप झाला होता. कचेरीतला माणूस सरांना म्हणाला, पुढच्या वर्षी बघू.

संस्थेत पेढे वाटले. सुमैराने एक खाल्ला. गोड होता. चौदा शाळांत साडेतीनशेच्या वर पोरं वाचायला शिकणार, ही लहान गोष्ट नव्हे, हे तिला समजत होतं, पण वाटत काही नव्हतं.

बोरमळ्याला कळवायला पत्र पुरलं असतं. ती स्वतः गेली. का गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं. सकाळची शाळा होती, सुट्टी लागायला चार दिवस उरले होते. तिने गुरुजींना आदेश दाखवला आणि त्यात बोरमळा का नाही ते सांगितलं. ते दुसरं, 'येत नाही' लिहिलं असतं तर शाळा यादीत आली असती, तेही सांगितलं. सांगायची गरज नव्हती, पण ती थांबली नाही.

ते ओरडतील असं तिला वाटलं होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. गुरुजींनी कागद दोनदा वाचला, घडी केली, परत दिला.

"तुमी खरं लिवलं," ते म्हणाले. "त्यात काय चुकलं न्हाई. खोटं मी पढवलं. पर म्याडम, एक इचारू? त्या दुसऱ्या शाळांत रोज तासभर करत्यात तरी काय? मीबी दिवाळीपासनं रोज तासभरच दिला की. तास तोच. मग माझा तास वाया कसा गेला?"

तीन वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. आणि उत्तर तिला तोंडपाठ होतं. शंभर वेळा तरी ती त्या वर्गांत मागे बसून बघत आली होती. शाळा वगळलेली होती, आता कोणतं माप बिघडणार होतं?

"खडू द्या," ती म्हणाली. "आणि चौथीची पोरं बोलवा."

नऊ पोरं खाली बसली. गुरुजीही एका बाजूला मांडी घालून बसले, वही घेऊन. सुमैराने सांगितलं, की पुस्तकातलं वाक्य घ्यायचं नाही. पोराला स्वतःचं वाक्य सांगायला लावायचं, त्याच्या मनातलं. पोर बोललं तसंच्या तसं फळ्यावर लिहायचं, शुद्ध करायचं नाही. मग त्याचंच वाक्य त्याच्या बोटाने वाचून घ्यायचं. आपण बोललो ते लिहिलं जातं आणि लिहिलेलं वाचता येतं, हे पहिल्यांदा कळायला लागतं. बाकीचं मागून येतं.

"कोण सांगतंय?"

साक्षीने हात वर केला. तिने थोडा विचार केला. मग, घरातली रोजची गोष्ट सांगावी तशी, म्हणाली, "म्याडम येत्यात, इचारत्यात आन निगून जात्यात."

गुरुजींची पेन्सिल थांबली. "साक्षे," ते दरडावून म्हणाले, "दुसरं सांग काय तरी."

"नाही गुरुजी," सुमैरा म्हणाली. "बोललं तसंच लिहायचं."

तिने फळ्याकडे तोंड केलं आणि लिहायला लागली. 'म्याडम' लिहून झालं. 'येत्यात' लिहिताना खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने तिने पुढचे शब्द लिहिले, मोठ्या अक्षरांत, मागच्यालाही दिसतील असे. मग बाजूला झाली.

साक्षीने बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं. सुमैराने शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं तर ओठ पुटपुटायला लागले, म्याडम, येत्यात. गुरुजी गुडघ्यावर हात देऊन उठले आणि त्यांनी आपल्या दोन्ही पंजांनी आधीचे सगळे शब्द झाकले. मागे फिरायला वाट राहिली नाही. साक्षी त्या एकट्या शब्दाकडे बघत राहिली. एवढा वेळ गेला, की सुमैराला वाटलं आता ही तोंडाकडे बघणार. पण पोरीने नजर काढली नाही.

"जा," ती म्हणाली. "जात्... जात्यात."

मागची पोरं ओरडली. गुरुजींनी हात खाली घेतले, तळव्यांना वाक्याचा खडू लागला होता.

सुमैराला लाज वाटली. चांगली सणसणीत, कानाच्या पाळ्या गरम होतील अशी. इतक्या दिवसांनी तिला काही वाटलं ते हे, आणि ते फळ्यावर, तिच्याच अक्षरात, नऊ पोरांसमोर लिहिलेलं होतं. तिने ते पुसलं नाही. खाली बसली, साक्षीच्या शेजारी, आणि म्हणाली, "बरोबर आहे. आता दुसरं वाक्य सांग."